गोड बातमी जगापासून लपवा, दवाखान्यापासून नको

चौथा महिना लागल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात येणाऱ्या बाईला ‘‘आधी का नाही आलीस?’’ असे विचारले की उत्तर बहुधा सोबतच्या सासूबाईच देतात. ‘‘तीन महिने होईपर्यंत कुठं बोलायचं नसतं, डॉक्टर.’’ त्यामागचा हेतू चांगलाच असतो. नजर लागू नये, काही विपरीत घडले तर चारचौघांना उत्तरे द्यावी लागू नयेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू नका, हरकत नाही. पण दवाखान्यालाही त्यांच्याच रांगेत बसवले जाते, तिथे चूक होते.

आधी दिवसांचा हिशेब पाहू. आम्ही आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे नियमित पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ही नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी द्यायची असते. मूल हवे असे ठरले की दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी ती सुरू करणे उत्तम. तसे झाले नसेल तर पाळी चुकल्याचे कळताच सुरू करावी. चौथ्या महिन्यात या कामासाठी ती घेऊन उपयोग नसतो.

पाळी चुकली की घरीच लघवीची तपासणी करता येते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. दोन रेषा आल्या तर दिवस गेले आहेत असे समजावे. एकच रेषा आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळते.

या दिवसांत थकवा येतो, छाती जड होते, लघवीला वारंवार जावे लागते, फोडणीचा वासही नकोसा होतो. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होऊन बहुतेकींची तिसरा महिना संपता संपता ओसरते. अंथरुणातून उठण्याआधी चार चुरमुरे किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा खावा, दिवसभर थोडे थोडे खात राहावे. मळमळ दाबण्यासाठी काही जणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती बाळाला घातकच आहे. पोटात पाणीही ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, तर ते ‘डोहाळे’ म्हणून सोडून देऊ नये.

काही वर्षांपूर्वी एका रात्री पंचविशीतल्या एका मुलीला आमच्याकडे आणले. पाळी चुकून तीन आठवडे झाले होते. नवऱ्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हते. दोन दिवस ओटीपोटात एका बाजूला दुखत होते, थोडे रक्तही जात होते. घरच्यांनी गॅस समजून ओव्याचे पाणी दिले. आली तेव्हा तिचा रक्तदाब लागत नव्हता. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साठले होते. तातडीची शस्त्रक्रिया आणि चार बाटल्या रक्त, यावर ती वाचली. दोन दिवस आधी आली असती तर सोनोग्राफीत हे दिसले असते. म्हणून पाळी चुकल्यावर एका बाजूला दुखणे, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्यात दुखणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

आणखी एक सांगायला हवे. सुरुवातीच्या आठवड्यांत होणारे गर्भपात कमी नाहीत. निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हेच असते. तिने हंडा उचलला, जिना चढली म्हणून ते घडले असे नसते. आधीच दुःखात असलेल्या बाईवर हा दोष ठेवू नका.

पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी आणि काही संसर्गांच्या तपासण्या होतात. रोज चालू असलेल्या गोळ्या सोबत आणाव्यात. फिट्स, रक्तदाब किंवा मुरुमांवरची काही औषधे गर्भाला बाधू शकतात. मात्र फिट्सची वा रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. ती बदलायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर फॉलिक ॲसिडचा डोसही वेगळा लागतो.

सरकारी आरोग्य केंद्रात ही नोंदणी आणि तपासणी मोफत आहे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे, असे आम्ही सांगतो ते कागद भरण्यासाठी नव्हे. पेढे तीन महिन्यांनी वाटा. पाळी चुकल्यावर आठवडाभरात मात्र एकदा आमच्याकडे येऊन जा. तुमची बातमी आम्ही कुणाला सांगत नाही.