समुद्रकाकडी : शरीररचनेवरून जातीची ओळख

समुद्रकाकडी हे नाव एखाद्या वनस्पतीचे वाटले, तरी प्रत्यक्षात तो एक प्राणी आहे. तारामासा आणि समुद्री अर्चिन यांच्याबरोबर त्याची गणना कंटकचर्मी संघात होते. समुद्रकाकडीच्या १,७०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. क्लॉड मॅसिन आणि डेव्हिड लेन या प्राणिशास्त्रज्ञांनी १९९१ साली पूर्व इंडो-मलाय द्वीपसमूहातील एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावरील लाल रेषांमुळे तिला ‘थेलेनोटा रुब्रालिनिआटा’ असे नाव देण्यात आले. मात्र नवी जात ठरविण्यासाठी केवळ रंग पुरेसा नसतो. त्यासाठी शरीररचना तपासावी लागते.

बाह्यरचना

प्रवाळखडकांच्या परिसरात राहणाऱ्या या प्राण्याच्या पाठीवर टोकदार, शंकूच्या आकाराचे मांसल उंचवटे असतात आणि फिकट त्वचेवर किरमिजी रेषांचे जाळे पसरलेले असते. पोटाकडील बाजू चपटी असून तिच्यावरील असंख्य नालपादांच्या साहाय्याने प्राणी सावकाश सरकतो. मुखाभोवती संस्पर्शकांचे कडे असते. त्यांच्या योगे तळावरील वाळू व गाळ मुखात ओढला जातो.

अंतर्रचना

समुद्रकाकडीला मेंदू नसतो. मुखाजवळील चेताकड्यापासून पाच चेतारज्जू निघतात. घशाभोवती चुनखडीच्या तुकड्यांचे एक कडे असते आणि देहभित्तीच्या आतून स्नायूंचे पाच पट्टे लांबीच्या दिशेने जातात. बाहेरून लांबट दिसणाऱ्या या प्राण्याची पंचभागी सममिती येथे स्पष्ट होते. देहगुहेत लांब आतडे वळसे घेत अवस्करापर्यंत पोहोचते. या आतड्यात वाळूतील सेंद्रिय द्रव्य पचते आणि उरलेली वाळू बाहेर टाकली जाते. अवस्करातूनच झाडाप्रमाणे फांद्या फुटलेले दोन श्वसनवृक्ष निघतात. अवस्कराच्या आकुंचन-प्रसरणाने त्यांत पाणी खेळते व प्राणवायू मिळतो. थेलेनोटा वंश ज्या कुळात मोडतो, त्या कुळात जननग्रंथीचे दोन झुबके असतात. ‘होलोथुरिया’ वंशाच्या कुळात एकच असतो.

त्वचेतील सूक्ष्म कंटिका

जातिनिश्चितीचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्वचेत दडलेला असतो. तो म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या चुनखडीच्या कंटिका. त्वचेचा लहानसा तुकडा विरंजक द्रावात ठेवला की मांसल भाग विरघळतो आणि कंटिका तळाशी राहतात. पाण्याने धुऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. ‘स्टिकोपस’ वंशात त्या मेजासारख्या व चंद्रकोरीसारख्या दिसतात. थेलेनोटा वंशात मेजासारख्या कंटिका नसून फांद्या फुटलेल्या दंडिका आणि बारीक कण आढळतात.

ओळखीचे महत्त्व

या सूक्ष्म अभ्यासाचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. आशियाई बाजारपेठांत सुकविलेल्या समुद्रकाकडीला मोठी किंमत मिळते. उकळून, आतडी काढून वाळविलेल्या मालात रंग उरत नाही, आकारही आक्रसतो. अशा वेळी त्वचेतील कंटिका तपासून मालाची ओळख पटविता येते.

संथ चालीचा हा प्राणी सहज हाती लागतो. त्याची अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात. त्यामुळे संख्या विरळ झाली की फलन होणे कठीण होते आणि अतिमासेमारीने झालेली हानी लवकर भरून येत नाही. भारतात २००१ साली सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण देण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत संपूर्ण थेलेनोटा वंशाचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला आणि मे २०२४ पासून तो अंमलात आला. या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी आता परवाना आवश्यक आहे. परंतु हाती आलेला माल कोणत्या वंशाचा आहे हे सांगता आले, तरच असे नियम उपयोगी पडतात. शरीररचनेचे ज्ञान हा म्हणूनच समुद्रकाकडीच्या संरक्षणाचा पाया आहे.