आधी ‘कुठली?’, मग ‘केवढ्याची?’

माळ्यावरून जुनी बरणी खाली आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. वर तपकिरी, खाली दुधी, काठाखाली दादऱ्याची दोरी अडकावी म्हणून खाच. अशीच बरणी शहरातल्या एखाद्या दुकानात ‘अँटिक’ म्हणून मांडलेली कोणीतरी पाहिलेली असते. शेतात नांगराला लागलेल्या खापराचे नशीब नेमके उलटे. त्याला किंमत नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे ते बांधापलीकडे भिरकावले जाते. यवतमाळ जिल्ह्यात माळ्यावरची बरणी आणि वावरातले खापर या दोन्ही वस्तू ओळखीच्या आहेत आणि दोन्हीकडे आपण एकच चूक करतो: मोल आधी ठरवतो, ओळख नंतर पटवतो. मातीच्या भांड्याच्या बाबतीत हा क्रम चालत नाही, कारण सोन्यासारखा त्याला वजनाचा भाव नाही. ते कुठले, कधीचे आणि कोणाच्या वापरातले हे जितके खात्रीने सांगता येईल तितकेच त्याचे मोल.

ओळख पटवण्याची सुरुवात बरणी उपडी करून होते. झिलई सगळे झाकते, पण भट्टीत ज्यावर बरणी उभी होती त्या बुडाच्या कडेला झिलई बहुधा नसते आणि तिथे माती उघडी दिसते. त्या जागी पाण्याचा थेंब सोडून पाहावा. कुंभाराच्या आव्यात भाजलेली माती सच्छिद्र राहते, थेंब पिऊन टाकते. माठातले पाणी गार होते ते याच गुणामुळे. चिनी मातीची बरणी साधारण बाराशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजलेली असते. त्या उष्णतेत मातीचे कण वितळून एकमेकांत मिसळतात, म्हणून थेंब तसाच राहतो आणि बोटाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. मीठ, आंबट आणि तेल वर्षभर सांभाळणारे लोणच्याचे भांडे म्हणून हीच बरणी का रुजली, याचे उत्तरही त्या थेंबात आहे. झिलईदेखील बोलते. काही जुन्या बाटल्यांचा आणि बरण्यांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. तापलेल्या भट्टीत मीठ टाकले की त्यातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून तसा थर चढतो. गुळगुळीत दुधी झिलईची वाट वेगळी. १८३५च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे ती सिद्ध झाली आणि वर तपकिरी, खाली फिकी अशा दुरंगी भांड्यांची पद्धत त्यानंतर पसरली.

बुडावर किंवा अंगावर ठसा असेल तर काम सोपे होते, पण ठसा नुसता वाचून भागत नाही, तो पडताळावा लागतो. नुसते ‘इंग्लंड’ असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. लंडनच्या डल्टन कंपनीला ‘रॉयल’ हे बिरुद १९०१ मध्ये मिळाले आणि तिचा लॅम्बेथचा कारखाना १९५६ मध्ये बंद झाला. म्हणजे ‘रॉयल डल्टन, लॅम्बेथ’ या तीन शब्दांनीच दोन्ही बाजूंचे कुंपण घातले जाते. आपल्याकडच्या बरण्यांना मात्र लंडन गाठायची गरज नव्हती. राणीगंज आणि जबलपूर येथे बर्न कंपनीचे कारखाने होते, आणि सौराष्ट्रात थानगढला परशुराम पॉटरी उभारणारे परशुरामभाऊ गणपुले तर मराठीच. ठशाची नक्कल होऊ शकते, झिजेची नक्कल अवघड. फडताळात वर्षानुवर्षे सरकवलेल्या बरणीचे बूड एका अंगाला जास्त झिजते आणि ओरखडे सगळ्या दिशांनी जातात. काचकागदाने ‘जुने’ केलेल्या बुडावर ते एकाच दिशेने जातात. टवका, तडा आणि मूळ झाकण नसणे यांनी भाव उतरतो हे खरेच, पण नाव-गाव हरवल्याने तो त्याहून जास्त उतरतो.

हे पटायला बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला जावे लागेल. तिथल्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. लोहयुग, सातवाहन काळ, मध्ययुग आणि निजामाचा काळ असे थर एकावर एक मिळाले आणि सर्वांत खालची वस्ती सुमारे ३००० वर्षांपूर्वीची ठरली. गोल घराचे अवशेष, चूल, मातीची भांडी, लोखंडी वस्तू, मणी, सगळे आपापल्या जागी. काळ ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत गेला तो कोळसा. भांड्याचे वय त्याच्या शेजारी पडलेल्या कोळशाने सांगितले, आणि शेजार मोडला असता तर ते सांगायला कोणी उरले नसते. विदर्भातल्या लोहयुगीन स्थळांवर आतून काळी, बाहेरून लाल अशी जी खापरे सापडतात, त्यांचे दोन रंग भाजताना हवा कुठे पोचली आणि कुठे नाही, याचा हिशेब देतात. पण तोच तुकडा कोणी पिशवीत घालून आणला तर तो फक्त ‘काळे-लाल खापर’ राहतो. कोणाच्या चुलीजवळचे, कोणत्या थरातले, हे पुसले जाते. बाजारात अखंड भांडे फुटक्याहून महाग असते. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मात्र जागेवरचे फुटके खापर जागा हरवलेल्या अखंड घागरीहून मोलाचे असते.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा असेल, आणि तो रास्त आहे: इतिहासाने पोट भरत नाही. पण खापर विकूनही भरत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १८७८चा निखात निधी कायदा जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो, आणि सरकारने ठेवा घेतला तर त्यातील द्रव्याची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देतो. खरी मेख इथेच आहे. द्रव्याची किंमत म्हणजे सोन्याची. मातीची किंमत शून्य. कायद्याच्या नजरेत हंडा म्हणजे मोहरांचे वेष्टन, आणि गुप्तधनाच्या नादाने रात्री टेकाड उकरणाऱ्याच्या नजरेतही तेच. तो सोने शोधताना हंडा फोडतो, सोने मिळत नाही आणि थर कायमचे उलटेपालटे होतात. घर लिंपायला पांढरीची माती नेणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, नुकसान मात्र त्याच जातीचे होते.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा: भाव आला म्हणूनच वस्तू जपली जाते, नाहीतर बरणी केव्हाच उकिरड्यावर गेली असती. बरणीपुरते हे मान्य करायला हवे. ती कारखान्यात बनली, तिच्यासारख्या हजारो निघाल्या, आणि घरोघरच्या बऱ्याच बरण्यांना शंभर वर्षे झालेलीही नाहीत. त्यांची खरेदी-विक्री व्हावी, यात गैर काही नाही. पण भाव टिकतो तो ओळखीवरच. ठसा नसलेली बरणी ‘वणीच्या बाजारातून अमक्या साली घेतलेली’ एवढे खात्रीने सांगता आले, तर तीच तिची जन्मपत्रिका होते. खापराला असा आधार मातीखेरीज कोणी देत नाही, म्हणून जो न्याय बरणीला तो खापराला लावता येत नाही.

तेव्हा तीन साध्या गोष्टी कराव्यात. बरणी विकायची असो वा ठेवायची, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून ती कुठून, कधी आणि कशासाठी आली हे चिठ्ठीवर लिहून आत टाकावे. बुडाची माती किंवा झिलई संशयास्पद वाटली तर तिच्यात लोणचे घालू नये, कारण कमी भाजलेल्या जुन्या झिलईत शिसे असू शकते. आणि रीठ, म्हणजे ओसाड पडलेल्या, गावाच्या पांढरीत किंवा काळ्या वावरात खापर दिसले, तर ते उचलण्याआधी जागेवरच फोटो काढावा, गट नंबर टिपावा आणि तहसील कार्यालयाला किंवा विद्यापीठाला कळवावे. जागा एकदा मोडली की तज्ज्ञालाही ती परत मांडता येत नाही.