पाटांतील गोगलगाई व जनावरांचे रोग

नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं वाहूं लागलें, तेव्हांपासून बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊंस आला आणि बारमाही ओलाव्याबरोबर पाटाचाऱ्यांत गोगलगाईंनींही वस्ती केली. महसूलखात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या निमित्तानें आम्हीं पुष्कळ पाट तुडविले; पण सर्व गोगलगाई सारख्याच, अशी आमची समजूत होती. पुढें घरची म्हैस हनुवटीखालीं सुजून वाळत गेली. आम्हीं पेंड वाढविली. रोग ओळखला नाहीं.

गोगलगाय उचलून प्रथम शंखाचें तोंड पाहावें. त्यावर पातळ, घट्ट झांकण असल्यास ती बहुधा कल्ल्यांनीं श्वास घेणारी होय. फुगीर पोटाची बेलामिया अंडीं न घालतां पिलांसच जन्म देते. मनोऱ्यासारखी निमुळती मेलानॉइडिस नराशिवायही प्रजा वाढविते. झांकण नसल्यास ती फुप्फुसानें श्वास घेणारी व त्यासाठीं पाण्यावर येणारी. हिच्यांतील दोन जाती ध्यानांत ठेवाव्या: चपटी, चकलीसारख्या वेढ्यांची इंडोप्लॅनॉर्बिस आणि नाजूक शंखाची, रुंद तोंडाची लिम्निया. बांधावरची बिनशंखाची, लिबलिबीत गोगलगाय मात्र जमिनीवरची; तिचा येथें संबंध नाहीं.

यकृतांतील चपट्या कृमीचीं अंडीं शेणावाटे पाण्यांत जातात. त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव लिम्नियाच्या शरीरांत शिरतो व तेथें एकाचे अनेक होतात. ते बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतास चिकटतात. तें गवत खाल्लें कीं गुरें, शेळ्यामेंढ्या यांच्या यकृतांत कृमि पोंचतो. इंडोप्लॅनॉर्बिसमधून निघणारा दुसरा कृमि पाण्यांत उभ्या जनावराच्या कातडींतूनच आंत जातो व नाकाच्या शिरांत राहतो. बैल घोरूं लागतो. आपण त्यास पडसें समजतों!

मोरचूद टाकल्यानें गोगलगाई मरतात, पण मासेही मरतात व खालच्या गांवाचें पिण्याचें पाणी बिघडतें. तो मार्ग नको. पाळी संपल्यावर चारींतील पाणवनस्पति उपटाव्या, कारण अंड्यांचे बुळबुळीत पुंजके त्यांवरच असतात. चारी सुकली म्हणजे सर्व मेलें, असें मात्र नव्हे. कित्येक गोगलगाई चिखलांत दडून राहतात. म्हणून जनावर पाटांत न उतरवितां हौदांत विहिरीचें पाणी द्यावें, शेण पाटांत पडूं देऊं नये व काठचें गवत कडक उन्हांत पूर्ण वाळवूनच घालावें.

शंका आल्यास पशुवैद्याकडून शेण तपासून घ्यावें. एकदां अंडीं दिसलीं नाहींत म्हणून निर्धास्त राहूं नये. यकृतकृमि पक्व होऊन अंडीं घालूं लागण्यास सुमारें ३ महिने लागतात, आणि तोंवर यकृताची नासाडी चालूच असते.