पहाटेचा गारठा आणि दिवसाचा रोज

कडाक्याच्या थंडीत कामावर निघायचे की नाही, हे हरसूल परिसरातल्या मजुराला अंधारातच ठरवावे लागते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या डोंगराळ भागात भात आणि नागली निघाली की शेतात फारसे काम उरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतल्या द्राक्षबागांना माणसे हवी असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि जानेवारीपासून तोडणी असा हा हंगाम असतो. काही कुटुंबे बागेवरच मुक्कामाला जातात. बाकीचे मजूर वाघेरा घाटातून गिरणारे येथील मजूर बाजार गाठतात किंवा ठरलेल्या टोळीबरोबर पिकअपने निघतात.

उत्तरेकडून कोरडे वारे आले आणि आभाळ निरभ्र राहिले की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. जड झालेली थंड हवा सखल भागात साचते. त्यामुळे गोदावरीच्या खोऱ्यातल्या निफाडचा पारा काही वर्षी 5 अंशांच्याही खाली गेला आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी खाली असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास असते. मजुरांच्या गाड्या रस्त्यावर असतात त्याच वेळी.

उघड्या गाडीत थंडी आणखी बोचते. हवा 8 अंशांची असली आणि गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने धावत असली, तर वाऱ्याचा परिणाम धरून उघड्या अंगाला ती सुमारे 3 अंशांची वाटते. घोंगडी, कानटोपी आणि हौद्यात पुढच्या बाजूला बांधलेली ताडपत्री यांनी बराच फरक पडतो. दारू मात्र उलट काम करते. तिने ऊब आल्याचा भास होतो, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगून शरीराची उष्णता बाहेर जाते. मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, तरी हंगामात ही दृश्ये सर्रास दिसतात.

धुके हे थंडीहून जास्त जीवघेणे. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते, आणि दाट धुक्यात 200 मीटरपलीकडचे दिसत नाही. दिसण्याचे अंतर 50 मीटरवर आले, तर घाटात शिरूच नये. तान्ही मुले, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी धुके नसतानाही असा प्रवास टाळलेलाच बरा.

एवढे कळत असूनही लोक निघतात, कारण खाडा म्हणजे रोज बुडाला. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने गावापासून 5 किलोमीटरच्या आत काम आणि त्यापेक्षा लांब दिल्यास 10 टक्के जादा मजुरी अशी तरतूद केली, ती याच अडचणीला धरून होती. बागेतल्या रोजाला असे बंधन नाही. खरे तर घाईचे कारणही नेहमी नसते: दवाने भिजलेले घड तोडून पेटीत भरणे टाळतातच. तेव्हा लाटेच्या दिवसांत बागायतदाराने आदल्या संध्याकाळीच मुकादमाला फोन करून उशिराची वेळ द्यावी आणि रोज मात्र पूर्ण द्यावा.