‘टॉयलेट’ म्हणजे मुळात कापड

आज एका शब्दाची गोष्ट सांगते. शब्द रोजचाच आहे, पण चार माणसांत निघाला की आपण पदर तोंडाला लावतो. तो शब्द म्हणजे ‘टॉयलेट’.

तो आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण मूळचा फ्रान्स देशातला. फ्रेंच भाषेत ‘त्वाल’ म्हणजे कापड आणि ‘त्वालेत’ म्हणजे लहानसं कापड. आधी कपडे गुंडाळून ठेवायच्या फडक्याला त्वालेत म्हणत. पुढे तिथल्या श्रीमंत बाया वेणीफणीच्या मेजावर फडकं अंथरू लागल्या. त्या फडक्याचं नाव मेजाला पडलं, मग नटण्याआवरण्याला आणि मग आवरायच्या खोलीला. शेवटी ते शौचाच्या जागेला चिकटलं.

आपल्याकडेही तसंच झालं. जुन्या आयाबाया ‘परसाकडे जाते’ म्हणत. परस म्हणजे घरामागची जागा. सरकारी कागदावर ‘शौचालय’ लिहितात. शौच म्हणजे मुळात शुद्धी.

म्हणजे तिथे काय नि इथे काय, सरळ नाव कोणी घेतलं नाही. शब्दावर पडदा असला तर बिघडत नाही. पण गरजच झाकली की त्रास बाईला होतो. कापूस वेचायला गेलेली बाई, वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच कमी पिते. पाणी कमी पडलं, लघवी वारंवार रोखून धरली की जळजळ होते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. गरोदरपणी तर जास्तच जपावं लागतं. असा त्रास झाला तर लाजू नका, आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. त्यात पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपये मिळू लागले. पण नुसतं बांधून भागत नाही. पाणी लागतं, दाराला आतून कडी लागते. नाहीतर त्यात गोवऱ्या नि काड्या भरल्या जातात आणि बाई अंधाराची वाट पाहत राहते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. गटातल्या सगळ्याजणी मिळून जा. तिथे ‘बायांची अडचण आहे’ असं मोघम बोलू नका. ‘शाळेच्या संडासाला पाणी नाही, बाजारात बायांसाठी मुतारी नाही’, जे असेल ते नाव घेऊन सांगा आणि ठरावात लिहून घ्या. ठरावात शब्दच नसेल, तर सोय कशाची होणार?