एंडोस्कोपीआधी सांगा, घोरता का?

कुरुंदवाडहून पोटाच्या एंडोस्कोपीसाठी मिरजेला किंवा कोल्हापूरला जायचे तर पहाटेपासून तयारी चालते. जुने रिपोर्ट पिशवीत, सोबतीला कुणीतरी. रुग्ण रात्री मोठ्याने घोरतो, ही माहिती मात्र घरीच राहते. वास्तविक ती रिपोर्टइतकीच मोलाची असते.

तपासणी सुसह्य व्हावी म्हणून मिडॅझोलाम किंवा प्रोपोफोलसारखे गुंगीचे औषध शिरेतून देतात. गुंगीत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि श्वास घेण्याची मेंदूची प्रेरणाही मंदावते. त्यात घशात दुर्बीण. घोरणाऱ्या किंवा लठ्ठ माणसाची श्वासाची वाट झोपेत आधीच अरुंद असते. ती आता बंदही होऊ शकते. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली रेंगाळला, तर हृदयाला आणि मेंदूला धोका.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाकाळात घरोघरी पोचला. पण त्याची एक खोड आहे, तो उशिरा सांगतो. नाकातून ऑक्सिजन सुरू असेल, तर श्वास थांबल्यावरही काही काळ आकडा ९८ दाखवू शकतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ यंत्र लगेच सावध करते, पण ते सगळीकडे नसते. म्हणून दुर्बीण न हाताळता फक्त रुग्णाच्या श्वासाकडे पाहणारा प्रशिक्षित माणूस हवाच. तो वेळीच हनुवटी उचलून जबडा पुढे ओढतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने वाट मोकळी होते. असा माणूस आहे का, हे नातेवाइकांनी खुशाल विचारावे. नाकातून ऑक्सिजन गुंगीच्या आधीपासून सुरू करणे आणि औषध थोडे थोडे देणे, वृद्धांना त्याहूनही जपून, हे काम डॉक्टरांचे.

रुग्णाचे काम उपाशीपोटी जाणे. जेवण ६ तास आधी, साधे पाणी २ तास आधी बंद. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे! उलटी होऊन ते श्वासनलिकेत गेले, तर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. कवळी काढून ठेवावी. नखांवर गडद रंग नसावा, आकडा चुकू शकतो. दमा, झोपेच्या गोळ्या, दारू यांबद्दल काही लपवू नये.

जठराची तपासणी घशात बधिरतेचा फवारा मारून गुंगीविनाही होते. श्वासाचा जुना त्रास असलेल्यांनी हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. गुंगी घेतलीच, तर पूर्ण उतरल्यासारखी वाटली तरी परतीची मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी.