संशोधनाचा खर्च आणि कराची सवलत

कारखाना चालविणे निराळे आणि त्या कारखान्यात नवे काही शोधून काढणे निराळे. मालाला गिऱ्हाईक मिळाले की उत्पादनाचा खर्च भरून निघतो. संशोधनाचा खर्च मात्र आज होतो आणि त्याचे फळ पदरात पडेलच, याची शाश्वती नसते. शिवाय एकाने शोधलेली युक्ती शेजारीही उचलतो. म्हणूनच या खर्चाचा काही भार सरकारने करसवलतीच्या रूपाने उचलावा, हे तत्त्व अनेक देशांनी मान्य केले आहे.

आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्यात १९९७ साली या हेतूने एक पोटकलम घालण्यात आले. कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत संशोधनावर शंभर रुपये खर्च केले, तर करपात्र नफ्यातून सव्वाशे रुपये वजा करता येऊ लागले. २००० साली हा आकडा दीडशेवर आणि २०१० साली दोनशेवर गेला. पुढे कराचे दर उतरवून सवलती आवरण्याचे धोरण आले. २०१७ मध्ये दोनशेचे दीडशे झाले आणि १ एप्रिल २०२० पासून शंभरास शंभर एवढेच उरले. कराचा दर तीस टक्के धरला, तर शंभर रुपयांच्या खर्चामागे पूर्वी साठ रुपये कर वाचे. तो आता तीस रुपये वाचतो. एवढा तर कोणत्याही धंदेखर्चावर वाचतोच. मग संशोधनाला उत्तेजन ते कुठले?

२०२०-२१ साली भारताने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के पैसा संशोधनावर खर्च केला. तेव्हा जुनी सवलत परत आणावी, ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु त्या सवलतीचा लाभ कोणाला होत होता, हेही पाहिले पाहिजे. वजावट नफ्यातून होते. ज्याला नफाच नाही, त्याने वजा कशातून करायचे? नव्या कंपनीची पहिली वर्षे तोट्यातच जातात. तो तोटा पुढे ओढता येतो. पण या महिन्याचे पगार त्यातून भागत नाहीत. शिवाय ही सवलत केवळ कंपन्यांसाठी होती. बेळगावच्या एखाद्या फौंड्रीत बापलेकांच्या भागीदारीत नव्या पंपाचा साचा घडत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या उमेदीला ही जादा वजावट नव्हती.

कॅनडाने या अडचणीवर उपाय काढला आहे. तेथे लहान स्वदेशी कंपनीला पात्र संशोधनखर्चाच्या पस्तीस टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, कर देणे नसले तरी रोख परत मिळते. अर्थात रोख रकमेमागे लबाडीही येते. ब्रिटनमध्ये खोटे आणि चुकीचे दावे वाढले, तेव्हा २०२३ मध्ये सरकारला लहान कंपन्यांची सवलत कमी करावी लागली. म्हणून तपासणी कडक हवी. पण ती जाणत्या अभियंत्याने कारखान्यात येऊन केलेली हवी, नुसत्या कागदांची नव्हे.

तात्पर्य, वजावटीचा आकडा पुन्हा दोनशेवर नेणे ही अर्धीच सुधारणा होईल. मोठ्यांचा नफा त्याने थोडा वाढेल. लहान धंद्याला मात्र संशोधनासाठी पैसा हवा असतो तो नफा होण्यापूर्वी, आणि नेमका तेव्हाच तो हाती पडेल, अशी कराची रचना केली तरच स्वदेशी तंत्रज्ञानाचे रोप मूळ धरील.